रघुवीरने कातलेले पितळी गिअर

मी एक ट्रक बोलतोय. हसू नका. हातभर लांबीचा, सेलवर चालणारा, रिमोटचं ऐकणारा असलो, तरी ट्रकच. एक्याऐंशी साली जयवंतच्या बोटीवरच्या मेव्हण्याने मला सिंगापूरहून आणलं. तेव्हा मी लाल, प्लास्टिकचा आणि अगदीच नाजूक होतो.

जयवंत लालबागच्या एका गिरणीत फिटर. शेजारच्या खोलीतला रघुवीरही तिथलाच, लेथवर काम करणारा. आणलेली वस्तू आहे तशी ठेवणं दोघांनाही जमायचं नाही. रविवारी चाळीच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून ते मला उघडायचे. जयवंतने मला पत्र्याचा हौदा केला, चाकांवर सायकलच्या ट्यूबचे पट्टे चढवले. रघुवीरने माझे प्लास्टिकचे गिअर काढून पितळेचे कातून बसवले. त्या दिवशी मी पाच किलो तांदूळ घेऊन गॅलरीभर फिरलो.

"आता ह्यो फोंड्याचो घाटय चढतलो!" रघुवीर ओरडला.

"आधी माझे तांदूळ उतरवा," जयवंतची बायको लक्ष्मी म्हणाली.

पुढच्याच जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. दोघंही संपात होते. हाताला काम नव्हतं, म्हणून मला तर रोजच उघडायचे. पण दीड वर्षाने एका सकाळी रघुवीर पोलिसांच्या गाडीत बसून कामावर गेला.

संध्याकाळी जयवंतने माझे पितळी गिअर उपसून काढले आणि रघुवीरच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवले.

"जयवंता, ऐकून तरी घे रे."

"संप फोडणाऱ्याचं काही नको माझ्या घरात."

जुने गिअर परत बसवले, ते पहिल्याच ओझ्याला तुटले.

पुढे गिरणी बंदच पडली आणि आत गेलेला, बाहेर राहिलेला, दोघंही सारखेच बेकार झाले. रघुवीर शिवडीला गोदामावर वॉचमन झाला, बिऱ्हाडही तिकडेच नेलं. जयवंत परळला मिक्सर दुरुस्त करू लागला. मला त्याने नवी मोटर घातली, दिवे लावले, रंग दिला. दिसायला मी देखणा होत गेलो, पण जागचा हललो नाही.

"जाऊन या एकदा," लक्ष्मी म्हणायची. "गिअर कातून हवेत म्हणा. तेवढं निमित्त पुरे."

जायला जयवंतला वीस वर्षं लागली. मला पिशवीत घालून तो शिवडीला गेला. दार रघुवीरच्या बायकोने, मंजुळाने उघडलं. रघुवीरला जाऊन आठ महिने झाले होते.

तिने चहा केला. म्हणाली, "माझ्या ऑपरेशनच्या पैशांसाठी संपात कामावर गेले होते ते. तुम्हाला ठाऊक नसणार, भावोजी. असतं तर तुम्ही असं तोडलं नसतंत."

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पिशवीचे बंद जयवंतने मुठीत घट्ट धरले.

"ठाऊक होतं, वहिनी. त्याच सकाळी लक्ष्मीने सांगितलं होतं मला."

मंजुळा कप त्याच्यापुढे सरकवून म्हणाली, "घ्या. निवतोय."

त्यानंतर जयवंतने मला उघडलं नाही. मी कपाटावर असतो. मला चालवा असं सांगत नाही मी. पण कुणावर रुसला असाल आणि त्याची अडचण मनातून ठाऊक असेल, तर आजच जा. आम्हाला उशीर झाला.