गावठी झाडावरचं कलम

बहिणीच्या दुखण्यात महिनाभर राबून तोमासाबाई घरी परतल्या आणि हातातली पिशवी तशीच घेऊन परसात उभ्या राहिल्या. बी लावून वाढवलेलं, अकरा वर्षांचं अ‍ॅव्होकाडोचं झाड छातीच्या उंचीवर कापलं होतं. वर तीन कलमं खोचून प्लास्टिकची पट्टी गुंडाळली होती.

“कोणी केलं हे?”

जावई रुबेन हसत पुढे आला. मेक्सिकोच्या उत्तरेकडचा, मोंतेरेइचा मुलगा, रोपवाटिकेत कामाला. पुएब्लात येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. “मीच, सासूबाई! बाजारातली चांगली जात आहे. तीन वर्षांत फळं खा.”

“तुला सांगितलं कोणी?”

“तुम्हीच तर! जूनमध्ये सान हुआनच्या सणाला कोयता उगारून ओरडलात ना, ‘नुसता पाला! यंदा तोडतेच तुला’ म्हणून?”

तोमासाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. अरे, सणाला झाडाला धाक दाखवतात! एकाने कोयता उगारायचा, दुसऱ्याने मध्ये पडून म्हणायचं, ‘राहू द्या, पुढल्या वर्षी देईल.’ गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. आणि हा शहाणा त्या दिवशी हाताची घडी घालून मान डोलावत होता!

आईच्या दारचं गावठी झाड रस्त्यात गेलं, तेव्हा शेवटच्या फळाची बी त्यांनी आणली होती. काड्या टोचून पाण्याच्या पेल्यावर बसवली, रोज पाणी बदललं. आईच्या झाडासारखाच याच्याही पानाला बडीशेपेसारखा वास होता. ते पान नसलं तर घरात काळा घेवडा कुणाच्या घशाखाली उतरत नसे. फळ काय, आलं तर आलं.

“तुझ्या त्या चांगल्या जातीचं पान चोळून पाहिलंस कधी? गवत आहे गवत! आता घेवड्यात काय घालू, तुझं डोकं?”

“आई, चांगल्या मनाने केलं गं त्याने,” दारातून मुलगी नेली म्हणाली.

“चांगलं मन घाल चुलीत!”

रुबेनचा चेहरा पडला. कलमांच्या खाली, जुन्या झाडाच्याच बुंध्याला एक तांबूस फुटवा आला होता. सवयीने त्याचं नख तिकडे गेलं. “हा काढावा लागतो, कलमाचं बळ खातो...”

तोमासाबाईंनी त्याच्या हातावर फटका मारला. मग तिन्ही कलमं पट्टीसकट उपटून फेकून दिली.

“मी मध्ये पडलो असतो, सासूबाई,” रुबेन हळूच म्हणाला. “पण तसं करायचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नाही.”

मध्ये पडायचं काम दरवर्षी तोमासाबाईंच्या नवऱ्याचं, एउसेबिओचं. तो फेब्रुवारीत गेला. त्यानंतर ते काम कुणाला द्यायचं हे त्यांनाही सुचलं नव्हतं. सणाच्या दिवशी कोयता उगारून त्या बराच वेळ वाट पाहत राहिल्या होत्या, आणि शेवटी हात दुखला म्हणून त्यांनी तो खाली घेतला होता.

त्यांचा आवाज शेजारच्या तीन घरांत गेला. “एउसेबिओ, मेल्या, जायचंच होतं तर कुणाला तरी शिकवून जायचं होतंस!”