उंदीरखाऊची सुटका : मोहीम दुसरी

पहिल्या मोहिमेचा अहवाल तुम्ही ऐकलाच असेल. 'तीसच्या तीस जवान सुखरूप परत.' रेडिओवर गाणीबिणी लागली, कर्नलसाहेबांच्या छातीवर पदक चढलं. परत आलो होतो आम्ही एकोणतीस.

तिसावा लेव्हिसन शावा. खाणीच्या पहारेकरी यंत्रांशी झुंज झाली, त्या गडबडीत तो म्विनिलुंगाच्या जंगलातच राहिला. मी सांगायला गेलो, तर कारकून म्हणतो, "सार्जंट कापेम्ब्वा, अहवाल गेला. आता कुणी हरवू शकत नाही."

"अहो, हरवलाय माणूस!"

"मग अहवालाच्या आधी सांगायचं."

आठ दिवस मी या दारातून त्या दारात बोंबलत फिरलो. शेवटी कॅप्टन नामुकोलो मॅडमनी युक्ती काढली. 'मधमाश्यांची पाहणी' असं लिहून आम्हा सहा जणांना नवव्या दिवशी सकाळी आत घेऊन गेल्या. मुदत दुपारी चारपर्यंत. चारला मुख्यालय वरून आग टाकून जंगल जाळणार होतं, यंत्रांसकट. 'आत मनुष्य नाही' असं त्यांच्याच अहवालात होतं ना!

अंगावर नवी कोरी पोलादी चिलखतं. त्यात एक बाई बोलते. बाई म्हणजे नुसता आवाज, पण सासूच्या वरताण. मोहिमेच्या कागदावर 'मध' लिहिलेलं, म्हणून पोळं दिसलं की चिलखत जागच्या जागी थांबायचं आणि बाई मधमाश्या मोजायला लागायची. "एक हजार चारशे सहा. कृपया हलू नका. एक हजार चारशे सात..." त्या जंगलात पोळी किती असतात ते आम्हाला ठाऊक. बाईला नव्हतं. ओढ्यापाशी पोहोचेस्तोवर अडीच वाजले.

लेव्हिसन तिथंच नाहीसा झाला होता. मॅडमनी कर्णा लावला. "लेव्हिसन शावा, बाहेर ये. आम्ही तुझी माणसं आहोत."

लगेच पलीकडच्या झाडीतून मॅडमच्याच आवाजात आलं, "लेव्हिसन शावा, बाहेर ये. आम्ही तुझी माणसं आहोत."

ही यंत्रांची खोड. माणसाचा आवाज चोरायचा, गोड बोलावायचं, बाहेर आला की गोळी. नऊ दिवस ती त्या बिचाऱ्याला अशीच हाका मारत असणार. आता गोड आवाजाला तो ओ कसा देईल?

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी बेंबा जमातीचा, तो न्गोनी. आमचे पणजे एकमेकांशी लढले, दमले, मग भाऊबंद झाले. तेव्हापासून एकमेकांना शिव्या घालायचा आमचा हक्क आहे. तो मला माकडखाऊ म्हणतो, मी त्याला उंदीरखाऊ. त्याचा बाप गेला तेव्हा मी पुरण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात जाऊन आडवा झालो आणि म्हणालो, कोंबडी द्या, नाहीतर उठत नाही. त्याची आई रडता रडता हसली. ते आमचं कामच असतं. यंत्र आवाज चोरेल, हे नातं कुठून आणेल?

मी छाती फुगवून ओरडलो, "अरे ए उंदीरखाऊ!"

"अपशब्द," बाई म्हणाली. "जमातीचा अवमान. सहकाऱ्याचा मान राखा." आणि माझं तोंड बंद, गुडघे कुलूपबंद. त्या रानात मी पुतळा!

कॉर्पोरल मुतिंता पोट धरून हसायला लागली. "सार्जंट, शोभताय हो! चौकात बसवू का?"

मी मागची कडी काढली आणि चड्डी-बनियनवर बाहेर पडून त्याच पुतळ्याच्या आड उभा राहिलो.

"वेड लागलंय? गोळी घालतील!" मॅडम ओरडल्या.

"घालू द्या मॅडम. या बाईपेक्षा बरी."

सव्वातीन झाले होते. मी पुन्हा हाळी दिली, "उंदीरखाऊ!" झाडीतून तीनचार यंत्रांनी एकामागून एक माझ्याच आवाजात री ओढली, "उंदीरखाऊ! उंदीरखाऊ!"

मग एका जुन्या झाडाच्या ढोलीतून खरखरीत आवाज आला. "एवढे मिळून एकच शिवी? खरा माकडखाऊ असशील तर नवी दे!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण रडायची ती वेळ नव्हती. "तुझ्या बापाच्या वेळी तुम्ही कोंबडी दिलीत ना, ती इतकी रोडकी होती की तिच्यासाठी दुसरा खड्डा खणायला हवा होता!"

"ती आमची चूक नाही," लेव्हिसन हसत सुटला. "तुझ्यासाठी माकड शोधत होतो, मिळालं नाही!"

आता यंत्रांची तंतरली. इतका माल एकदम चोरायला मिळाला, की एरवी पाळीपाळीनं बोलणारी ती सगळी एकदमच बोलायला लागली. कुणी कोंबडी, कुणी माकड. पाळी मोडल्यावर आपलं कोण नि माणूस कोण, त्यांना कळेना; आणि माणसाच्या आवाजात बोलणारं दिसलं की गोळी घाला, हा त्यांचा नियम. घातल्या की! एकमेकांना! पाच मिनिटांत झाडीतून नुसता धूर. शेवटचं यंत्र "रोडकी... रोडकी..." म्हणत पडलं.

लेव्हिसनचा पाय मोडलेला, अंगाचा सापळा झालेला. मुतिंतानं त्याला खांद्यावर टाकलं. मोजून झालेली पोळी बाई पुन्हा मोजत नव्हती, तेवढं नशीब. आम्ही माळावर आलो आणि मागे जंगल पेटलं. पोळ्यांसकट.

अहवाल काय गेला? 'मधमाश्या चार लाख बारा हजार. पाहणी यशस्वी.' कर्नलसाहेबांना दुसरं पदक.

आणि आम्हाला सुनावणी! कागदोपत्री लेव्हिसन पहिल्याच दिवशी परतलेला, मग नऊ दिवस परेडला का नव्हता? गैरहजेरी. माझ्यावर चिलखत टाकून दिल्याचा आणि जमातीच्या अवमानाचा ठपका. बाईनं सगळं टिपून ठेवलेलं.

"एकमेकांची माफी मागा," कर्नल म्हणाले, "प्रकरण मिटवून टाकू."

लेव्हिसन कुबड्यांवर उठला. एक कुबडी टेबलावर आपटली. "साहेब, तुम्ही मला जंगलात सोडून कागदावर परत आणलंत, सोसलं. ढोलीत किडे खाल्ले, सोसलं. पण यानं माझी माफी मागायची? मी काय परका आहे याला?"

मीही नाही मागितली. माफी मागितली की हे नातं संपलं. मग पुढच्या वेळी त्याला हाक काय मारू? "लेव्हिसन शावा, बाहेर ये" म्हणू?

तीन आठवडे कोठडी मिळाली, दोघांना एकच. पहिल्या जेवणाला मक्याच्या पिठाची न्शिमा आणि मासळी आली. लेव्हिसननं माझ्या ताटात डोकावून पाहिलं.

"माकड नाही? अरेरे, उपाशी राहणार तू," म्हणाला, आणि माझी मासळी उचलली.