पुण्याचा आकडा, श्रीपेरुंबुदूरची हवा

मी एक जुना कॉम्प्रेसर आहे, मित्रांनो. दूर दक्षिणेत, श्रीपेरुंबुदूरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी बारा वर्षं हवा दाबून नळ्यांत सोडतो आहे. त्या हवेवरच इथली यंत्रं चालतात. माझा जुळा भाऊ याच कंपनीच्या, पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात आहे.

माझी देखभाल राजगोपाल करतात. ते तंजावरच्या मराठी घरातले. नुसत्या आवाजावरून माझं दुखणं ओळखतात.

या मे महिन्यात पुण्याच्या मुख्य कचेरीतून नियम आला. तेवढ्याच हवेला दोन्ही कारखान्यांनी तेवढीच वीज वापरायची. मी भावापेक्षा बरीच जास्त खात होतो. तपासणीला आलेल्या मकरंद साहेबांनी बजावलं, की संध्याकाळपर्यंत आकडा उतरला नाही तर मी भंगारात जाईन आणि माझ्यावर चालणारं सगळं काम चाकणला जाईल. त्या कामावर चाळीस माणसं होती. हयगयीचा ठपका राजगोपालांवर आला.

तेव्हा हेमलता पुढे झाली. नाशिकहून आलेली ही तरुण इंजिनीअर कारखान्याची वीज सांभाळते. तिने मी हवा ओढतो तिथे तापमापक धरला. सेहेचाळीस अंश! शेजारच्या भट्टीची झळ मी दिवसभर ओढत होतो. गरम हवा विरळ असते, ती दाबायला जास्त दम लागतो. त्यात इथला दमटपणा.

मग तिने नळ्यांना साबणाचं पाणी लावलं. सात ठिकाणी हवा निसटून बुडबुडे आले.

"गळती माझ्या नजरेतून सुटली, सार," राजगोपाल मकरंद साहेबांना म्हणाले. "चूक माझी."

दुपारभर दोघांनी सांधे आवळले आणि पत्र्याचं नळकांडं बसवून मला बाहेरच्या सावलीतली हवा दिली. पाच वाजता मी सुरू झालो. जीव तोडून चाललो. आकडा उतरत गेला आणि भावाच्या आकड्याच्या जरासा वर अडला.



"उरलेला फरक इथल्या हवेचा आहे," हेमलता म्हणाली. "चाकणचा कॉम्प्रेसर इथे आणलात, तर तोही एवढंच खाईल."

मकरंद साहेबांनी घाम पुसला. मग त्यांनी पुण्याला फोन लावला. मर्यादा त्या त्या गावच्या हवामानावरून ठरवा, गळती मात्र कुठेच माफ करू नका, असं सांगितलं. राजगोपाल तिथेच स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे टिपले.

मित्रांनो, कमी वीज खायला मी कधीच नाही म्हणणार नाही. फक्त माझी तुलना करण्याआधी मला कुठे उभं केलंय, ते पाहत जा.