शंभर किलो पाणी

माल जहाजातून जातो आणि त्याचं वजन माझ्या पाठीतून. एकतीस वर्षं मी हे काम करतो आहे. निघताना मुकादम एक हात मालावर ठेवतो, दुसरा माझ्या पाठीवर. माल कापसासारखा वर उठतो, मग त्याला दोरीने बांधतात. जहाजाला तो जड होत नाही. मलाही जहाज एक माणूस म्हणूनच मोजतं.

पोचल्यावर तिथला माणूस माझ्या पाठीवर हात ठेवून वजन उतरवून घेतो. आपलं आपल्याला उतरवता येत नाही. डोक्यावरची पाटीसुद्धा कुणी हात लावल्याशिवाय नीट उतरत नाही, तसंच हे.

या खेपेला सातव्या खडकावर शंभर किलो पाणी नेलं. खेप शेवटची होती. चार महिने पालथा झोपलो, कारण उताणा झोपलो की फळी मोडते. बहिणीने घरी माझ्यासाठी बाज विणून ठेवली आहे, असं तिने कळवलं होतं.

धक्क्यावर सरपंच कौसाबाई उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या. वस्ती चाळीस माणसांची, सगळी आली होती. सगळ्यांचे ओठ फुटलेले.

"भिवा कुठंय?" मी विचारलं. तिथलं वजन भिवा उतरवून घ्यायचा.

"गेला मागच्या आठवड्यात," कौसाबाई म्हणाल्या.

"मग आता कोण?"

"नवा माणूस येईल चार वर्षांनी. अर्ज केलाय."

पाणी टाकीत ओतलं तर ते टाकीच्या छताला जाऊन चिकटलं. लोक माना वर करून बघत राहिले. मी टाकीला पाठ लावून बसलो तेव्हा ते खाली आलं. उठलो की वर गेलं. तीनदा करून पाहिलं. मग कौसाबाईंनी टाकीजवळ माझ्यासाठी घोंगडी टाकली.

तिसऱ्या दिवशी घोंगडीच्या भोवती गुडघाभर भिंत होती. पाचव्या दिवशी ती डोक्याच्या वर गेली. जेवण वरून यायला लागलं.

"हे कशाला?" मी बांधणाऱ्या बाईला विचारलं. तिचं नाव हौसा.

"वारं लागू नये म्हणून, आबा."

सातव्या खडकावर वारा नसतो.

बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. कुणी पेलाभर पाणी प्यायलं की माझ्या पाठीतलं तेवढं वजन त्याच्या अंगात जायचं. दुपारपर्यंत मी निम्मा हलका व्हायचो. पण या खडकावर पाणी वाया जात नाही. घाम, लघवी, श्वासाची वाफ, सगळं गाळून टाकीत परत येतं. फरशीवर थेंब पडला तरी फरशी तो टाकीकडे नेते. सकाळी पुन्हा शंभर किलो पाठीवर. रोज आदल्या दिवसापेक्षा कोमट.

सहाव्या दिवशी जहाजाचा तांडेल आला आणि भिंतीवरून डोकावला.

"उद्या अकराला दार लावतो, आबा. पाठ रिकामी असेल तर या. इथे उतरवलेल्या मालाचं पेलाभर जरी वजन असलं तरी दार तुम्हाला परत घेणार नाही."

"आणि दार लागल्यावर?"

"दार लागलं की तुमचा संबंध संपला. वजन ज्याच्या अंगात असेल त्याचं. पाणी मग यांचंच, कायमचं."

भिंतीपलीकडे कौसाबाई उभ्या असाव्यात. त्यांचा आवाज आला, "माणशी अडीच लिटर. एकदम प्यायचं, आणि दार लागेपर्यंत धरून ठेवायचं."

"आणि घाम?" मी म्हणालो. "श्वास?"

"हलायचं नाही. तोंडाला फडकं लावायचं. एका माणसाला घरी पाठवायचं तर एवढं करू आम्ही."

सातव्या दिवशी टाकीपुढे रांग लागली. पेले वाजत होते. एकेक जण पिऊन धक्क्यावर जाऊन उभा राहत होता, पायाला पाय लावून. शेवटचे पेले कौसाबाईंनी घेतले. माझी पाठ आपोआप सरळ झाली. मणके वाजले ते पलीकडे ऐकू गेले असावेत, कारण कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. भिंतीला दार ठेवलेलं नव्हतं. मी हलका होतो, म्हणून वरून आलो.

मी कौसाबाईंपेक्षा वीतभर उंच आहे हे तेव्हा कळलं. त्या माझ्या आधी चालत धक्क्यावर गेल्या आणि रांगेच्या टोकाला उभ्या राहिल्या.

मला मात्र भरभर चालता येईना. पाय टाकला की तो कुठे पडेल याचा भरवसा नव्हता. धक्क्याच्या दोरीला धरून मी रांगेसमोरून निघालो.

"पाय उचला की, आबा," हौसा फडक्यातून म्हणाली. "एवढं तर मी सासूच्या पूजेलाही धरलं नव्हतं."

"हसवू नकोस गं, मेले," शेजारची म्हणाली. "हसले की संपलं."

"आबा, घरी गेल्यावर आमचं नाव काढा," मागून एक पुरुष म्हणाला. "कशासाठी ते सांगू नका म्हणजे झालं."

कुणी हसलं नाही. कुणाच्या कपाळावर घामही नव्हता. चाळीस माणसं माझ्यासाठी श्वास कमी घेत होती, आणि मी मुंगीच्या पावलांनी चाललो होतो. मला त्यांच्यासमोर लाज वाटली. थांबून दम खावा असंही वाटलं.

तांडेल दाराच्या कडीला धरून उभा होता. "चला, चला," तो म्हणाला. दार सरकायला लागलं होतं.

मी एक पाय आत ठेवला. दाराने तो घेतला. दुसरा उचलला, तेव्हा उजव्या खांद्याच्या खाली पेलाभर वजन आलं. मग आणखी एक पेला.

मी वळून पाहिलं. सगळे फडक्यांवरून एकमेकांकडे बघत होते. कौसाबाई तेवढ्या कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या समोर नजर लावून उभ्या होत्या, ताठ, अगदी ताठ, आणि दार माझ्या पायावर मिटत होतं.