सरावाचा हात

"मॅडम, हिची शीर दिसतच नाही हो! टॉर्च आणू का?"

दंडाला बांधायचा रबरी पट्टा नाचवत एकजण म्हणाली आणि नर्सिंगचा अख्खा वर्ग खिदळला. शिकवणाऱ्या मॅडमनी कपाळाला हात लावला. रक्त काढायचा सराव मुली एकमेकींच्या हातावर करत. जोड्या लागल्या की ही काळी मुलगी उरायचीच. मग तिला कपाटातला गुलाबी रबरी हात मिळायचा. दर वर्षी अशी कुणीतरी उरे, आणि मॅडम कॉलेजच्या मोठ्या मॅडमकडे तक्रार घेऊन जात. "तुम्हाला तुमच्या माणसांचा फार पुळका," हे उत्तर त्यांना आता पाठ झालं होतं. त्या स्वतःही काळ्याच.

उद्या परीक्षा होती, खऱ्या हातावर. या मुलीने अजून एकाही जिवंत माणसाला सुई लावली नव्हती. चुकली तर शिक्षण इथेच संपणार होतं.

"आज सगळ्यांनी हिच्याच हातावर शीर शोधायची," मॅडम म्हणाल्या. "डोळ्यांनी नाही, बोटांनी."

बरं सुचलं, असं त्यांना वाटलं. मुलीने मात्र बाही खाली ओढली.

"मी नाही देणार हात. इतके दिवस कुणी जोडीला घेतलं नाही, आणि आता सगळ्यांनी माझ्यावर शिकायचं? मी काय कपाटातली वस्तू आहे?"

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचं खरं होतं. समजूत घालायचंही त्राण अंगात उरलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी स्वतःची बाही वर सारली.

"या. माझा हातही तसाच आहे."

"मॅडमना कसं टोचायचं गं?" मुली कुजबुजल्या. पण आल्या, चाचपत, घाबरत. एकीला शीर लगेच मिळाली. दोघींनी सुई आतल्या आत फिरवली.

"दुखलं का, मॅडम?"

"छे. जरा खाली शोध."

शेवटी ती काळी मुलगी आली. कोपराच्या खळग्यात बोट ठेवून थांबली.

"इथे सुजलंय, मॅडम. टणक लागतंय."

"असू दे. टोच तू. उद्या परीक्षा आहे."

"इथे नाही टोचणार." तिने पट्टा सोडला. "दुसरा हात द्या."

मॅडमनी निमूट दुसरा हात पुढे केला. तिने तो इतका बेताने धरला, की त्यांना एकदम भरून आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"भीती वाटतेय का, मॅडम?"

"नाही गं. दमलेय."

मुलीने सुई घातली. नळीत रक्त चढू लागलं.