प्रफुलचा दोर

दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रफुलनं भर तलावात जाळ्याचा दोर सोडला आणि गावाची सगळी मासळी निसटली. पाण्यातून कोणीतरी हाक मारतंय, असं त्याला वाटलं होतं. स्किझोफ्रेनिया हे नावही तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. मी त्याची मोठी बहीण कुंता, जिभेची तिखट.

उपचारानं भाऊ सावरला. पण दुधानं तोंड पोळलेलं गाव ताकही फुंकून पिणार! पुढे त्याला तलावाच्या पाळीवर बसवून नुसते मासे निवडायला लावलं. यंदा तो स्वतःच दोर मागायला गुणवंतरावांकडे गेला. जाळं कधी टाकायचं, दोर कोणी धरायचा, हे तेच ठरवतात.

"मंगळवारी सकाळी ये. धर दोर," ते म्हणाले.

प्रफुल नाचतच घरी आला. मी मात्र कॅलेंडर पाहिलं. मनाच्या डॉक्टरबाई तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एकदाच येतात, आणि तो हाच मंगळवार.

"एक खेप चुकली तं का होते? मी आता बरा हावो."

"गोळ्या घेतेस म्हनून बरा हायेस! बरं वाटलं म्हनून सोडाच्या नाई, वर्षानुवर्षं घ्या लागतीन, असं बाईनं सांगतलं ना?"

दोन दिवस तो माझ्यावर फुगून बसला. मंगळवारी उठून पाहते, तर स्वारी फाइल घेऊन तयार! डोळे भरलेले. बस पकडायला जाताना त्यानं गुणवंतरावांना सांगितलं, "भाऊ, दोर दुसऱ्याले द्या. आज माही दवाखान्याची तारीख हाये."

दुपारी परतलो, तेव्हा तलावाकडं बघायचं त्यानं टाळलं. मी बघितलं. जाळं कोरडंच, आणि सगळं गाव पाळीवर कुरकुरत बसलेलं.

"काऊन थांबले?" प्रफुलनं विचारलं.

"दवाखाना चुकवून आला असतास, तं हाकललं असतं तुले," गुणवंतराव गरजले. "तू गेलास, म्हनून थांबलो. धर आता!"

मला रडू आणि हसू एकदमच आलं. तो पाण्यात उतरताना मी हळूच विचारलं, "आवाज येते का रे?"

"कधीमधी, बारीक. पन गुनवंतभाऊच्या आवाजावर गोळीच नाई!"

गुणवंतरावांसकट सगळे खदखदून हसले. जाळं जड होऊन काठाला लागलं. सगळे दोर टाकून माशांवर धावले.

"सोड आता," मी म्हटलं.

प्रफुलनं दोर दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. "थांब ना बाई," तो हसत म्हणाला, "थोडा वेळ धरू दे."