घानमच्या नावाचं कडवं

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि ज्याने खमीसला एकदा तरी बोलताना ऐकलंय त्याला तर मुळीच नाही. पण बहारीनच्या मुहर्रक बेटावरल्या एका गल्लीतला हा म्हातारा वर्षातून एक संध्याकाळ तोंड मिटून बसायचा.

एरवी त्याच्या तोंडाला झाकण नव्हतं. चाळीस वर्षं त्याने लाकडी जहाजं बांधली, आणि जेवढी हातांनी बांधली त्याच्या तिप्पट जिभेने. त्याचं एक जहाज म्हणे एवढं लांब होतं, की एका टोकाला शिजलेला भात दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत आंबून जायचा. म्हणून भात वाहायला गाढव ठेवलं. पुढे त्या गाढवाला बोट लागली आणि खलाशांवर उपासमारीची पाळी आली. अशा थापा तो इतक्या गंभीर चेहऱ्याने मारायचा, की ऐकणारा गाढवाची चौकशी करूनच उठायचा.

पण रमजान अर्धा सरला आणि पोरांच्या गरगाऊन सणाची संध्याकाळ आली, की खमीस दाराबाहेरच्या बाकावर गुपचूप बसून राही.

रोजा सुटला की गल्लीतली पोरं गळ्यात कापडी पिशव्या अडकवून निघत. मागून त्यांच्या आया, कडेवर शेंडेफळं. प्रत्येक दारापुढे ढोलकी बडवायची, गाणं म्हणायचं, आणि घरच्या बाईने टोपलीतून ओंजळी भरभरून शेंगा, अक्रोड, सुके अंजीर, गोळ्या पिशव्यांत ओतायच्या. त्या गाण्यात एक कडवं घरच्या मुलासाठी होतं. देवाने त्याला सुखरूप ठेवावं, त्याच्या आईपाशी राहू द्यावं, असं काहीसं. त्यात मुलाचं नाव घालावं लागे, म्हणून पोरं आधी विचारत, "नाव काय?"

खमीसच्या दारात तीस वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. तिथे पोचलं की ढोलकी आपोआप हलकी होई, ते कडवं गाळलं जाई, आणि अर्धवट उघड्या दारामागून खमीसची बायको शम्सा दुप्पट ओंजळी ओती. पोरं गेली की दार लावून म्हणे, "यंदा छान म्हणाली हो पोरं." मग टोपली धुवायला घेई. सुक्या मेव्याच्या टोपलीत धुण्यासारखं काय असतं? पण ती बराच वेळ धुवत राही. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर थाप रचणाऱ्या खमीसला त्या पाण्याच्या आवाजावर काही सुचत नसे.

त्या वर्षी घोळक्याच्या पुढे एक नवी पोरगी होती. सबीका तिचं नाव, सात वर्षांची, आईबरोबर मावशीकडे राहायला आलेली. डोक्यावर जरीची ओढणी, पुढचा एक दात पडलेला, आणि थाट असा की गल्ली तिच्या नावावर लिहून दिलीय.

"नाव सांगा," ती म्हणाली.

तिचा मावसभाऊ जाबर ढोलकी वाजवत होता. तो तिच्या कानात कुजबुजला, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतकं हळू. "अगं, यांना मूलबाळ नाहीये. ते कडवं सोडायचं."

"सोडायचं कसं? आई म्हणते, पूर्ण म्हटल्याशिवाय खाऊ घ्यायचा नाही."

"इथे सोडतात."

"का?"

जाबरने खांदे उडवले. दारामागे टोपली जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. खमीसने तो ऐकला, आणि काय होतंय हे कळायच्या आत त्याची जीभ सुटली होती.

"कोण म्हणतं नाही? आहे की मुलगा. घानम."

जाबरने तोंड उघडलं, पण त्याची आई मागेच उभी होती. "जाबर," ती म्हणाली, "तू ढोलकीकडे बघ."

"मग दिसत कसा नाही?" सबीकाने विचारलं.

"दिसेल कसा? पाण्याखाली असतो. जन्मला तेव्हा रडला नाही, बुडबुडे काढले. सुईण पळून गेली ती परत आलीच नाही. आता आठ वर्षांचा आहे. इथून बुडी मारतो तो थेट समुद्रापलीकडे दमामला डोकं वर काढतो. तिथले कोळी आधी जाळ्यात धरतात, मग ओळख पटली की हात जोडून सोडतात."

"पण आजोबा," जाबरला राहवेना, "माझी आई लहान होती तेव्हाही तुम्ही इथेच राहायचात. मग तो अजून आठचाच कसा?"

"पाण्यातल्यांचं वय सावकाश वाढतं, बाळा. कासव बघ."

"आणि खाली करतो काय?" सबीका.

"दोर धरून बसतो. आपलं बेट तरंगतं, माहीत नाही? वारा सुटला की इराणकडे सरकायला लागतं. कुणीतरी धरायला नको?"

"रोजा ठेवतो?"

"म्हणजे काय!"

"पाण्यात? तोंडात पाणी नाही जात?"

"तोंड मिटून असतो. बापावर गेला नाही पोरगा."

मागे बायका बुरख्याआड फिसकन हसल्या. सबीका हसली नाही.

"रोजा सोडायची तोफ झाली ते कसं कळतं त्याला?"

"मासे दचकतात."

सबीकाने यावर विचार केला. तिला हे पटण्यासारखं वाटलं. मग तिने सगळ्यांत सोपा प्रश्न विचारला. "त्याला खायला काय आवडतं?"

खमीसने तोंड उघडलं, आणि आतून काहीच आलं नाही. व्हेल माशाची लांबी विचारा, वादळाचं वजन विचारा, तो वितींत नि शेरांत सांगेल. पण आठ वर्षांचं पोर संध्याकाळी भूक लागली की काय मागतं, ताटात काय टाकतं? तिथवर त्याने स्वतःला कधी जाऊच दिलं नव्हतं. सबीकाचे डोळे बारीक झाले. जाबरने ढोलकी काखेत मारली. आता पोरं निघणार, आणि दारामागच्या बाईला पुन्हा टोपली धुवावी लागणार, तीही साऱ्या गल्लीसमोर नवऱ्याची थाप उघडी पडल्यावर.

"उकडलेले हरभरे," दारामागून आवाज आला. "वर लिंबू पिळून. अंजीर मात्र तोंडात धरत नाही. बिया दातांत अडकतात म्हणतो, मग झोपेपर्यंत कुरकुर. आणि हरभऱ्याची सालं उशीखाली लपवतो. रोज सकाळी मलाच काढावी लागतात."

कुठेही न अडखळता म्हणाली. खमीसने मागे वळून पाहिलं नाही. एवढं मात्र त्याला कळलं, की ही थाप आत्ताची नव्हती. ही घरात फार वर्षं नांदत होती, त्याला न सांगता.

"माझा भाऊपण सालं लपवतो," सबीका म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला. "जाबर, वाजव."

जाबरने आईकडे पाहिलं. ती बुरख्याच्या टोकाने नाक पुसत होती. "ऐकू नाही आलं का रे, ठोंब्या? वाजव की!"

आणि पोरांनी कडवं म्हटलं. देवा, घानमला सुखरूप ठेव. देवा, घानमला त्याच्या आईपाशी राहू दे. पहिल्यांदा मागची पोरं पुटपुटली असं सबीकाला वाटलं, म्हणून तिने पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा आयाही म्हणाल्या. तीस वर्षं अर्धवट उघडणारं ते दार पूर्ण उघडलं. शम्सा उंबऱ्यात उभी राहिली आणि तिने ओंजळी मोजायच्या सोडून टोपलीच पिशव्यांत उपडी केली.

खमीसची छाती जहाजाच्या शिडासारखी फुगली. जीभ जागेवर आली होती, आणि जागेवर आलेली जीभ त्याला कधी आवरली नव्हती.

"अंजीर घ्या, अंजीर जास्त घ्या!" तो पोरांच्या पाठीमागून ओरडला. "घानमच्या वाटणीचे आहेत! एका बैठकीला चाळीस संपवतो पठ्ठ्या, देठासकट!"

चार पावलं पुढे गेलेली सबीका गर्रकन वळली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट थेट खमीसच्या नाकावर रोखलेलं.

"खोटं! साफ खोटं! अंजीर तो तोंडात धरत नाही, आत्ताच त्याची आई म्हणाली. आजोबा, तुम्हाला तुमच्या मुलाचं काही म्हणजे काहीच माहीत नाही!"